घाव बसला हे हाताला कळलं पाहिजे

मागच्या महिन्यात या पानावर मी एक ओळ लिहून गेलो होतो, की तलवारीचा गेम चांगला की टाकाऊ हे पहिल्या शत्रूवर पहिला घाव घातला की कळतं, कथा, ग्राफिक्स, नकाशा किती मोठा ते सगळं नंतर. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा महिना सगळा याच विषयाला दिलाय. नावं छापत नाही, गावं छापतोय.

खानापूरहून एक कॉलेजचा विद्यार्थी : दादा, मित्रानं मॉरोविंड दिली, म्हणाला २००२ चा गेम हाय पण याच्यासारखा दुसरा नाही. सुरुवातीला एक खेकडा येतो, त्याला मी तलवारीनं मारायलोय, तलवार डोळ्यासमोर त्याच्या अंगातनं आरपार जातेय आणि गेम म्हणतो लागलीच नाही. वैतागून बंद केला आणि स्कायरिम लावला, तिथं प्रत्येक घाव लागतो, पण काय माहीत का, उशीवर काठी मारल्यागत वाटतं. मग नक्की मजा कशात असते? माझंच काहीतरी चुकायलंय का?

तुझं काही चुकत नाही, आणि तू दोन गेमची दोन वेगळी दुखणी एकाच पत्रात नेमकी पकडलीस.

आधी मॉरोविंडचं. तिथं तलवार फिरवली की आत फासा पडतो. तुझ्या पात्राला ते हत्यार किती येतं, त्याची चपळाई, नशीब, आणि अंगात दम किती उरलाय, यावरून ठरतं की घाव लागला का नाही. नवीन माणूस काय करतो, गावातनं पळत पळत सुटतो, पळून पळून दम दाखवणारी ती हिरवी पट्टी रिकामी होते, आणि तशाच दमलेल्या अवस्थेत खेकड्याशी भिडतो, ते पण ज्या हत्याराचं शिक्षण नाही ते घेऊन, मग दहातले सात घाव वाया. (पुन्हा लावलास तर चालत जा आणि पात्र बनवताना निवडलंस तेच हत्यार धर, निम्मी तक्रार तिथंच मिटेल.) यामागचा विचार वाईट नाही बरं, उलट रोल-प्लेइंग म्हणजे तेच, लढणारा तू नाहीस, ते पात्र लढतंय, आणि ते अजून शिकाऊ आहे. कागदावर फासे टाकून खेळायच्या खेळातनं ही पद्धत आली, आणि तिथं ती शोभते, कारण तिथं डोळ्यानं काही दिसत नाही, सांगणारा सांगतो की तुझा वार हुकला आणि आपण मनात चित्र रंगवतो. इथं मात्र डोळ्याला दाखवलं की पातं आत गेलं आणि मग सांगितलं की नाही गेलं. हुकलाच असेल तर खेकडा बाजूला सरकलेला दाखव, पातं कवचावरनं घसरलेलं दाखव, मग माझी तक्रार नाही.

पुढं २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये त्याच कंपनीनं, बेथेस्डानं, फासा काढून टाकला, पातं टेकलं की लागलं, कौशल्य वाढलं की इजा जास्त. मग दुसरंच झालं, आपण जसं वाढतो तसे शत्रू पण वाढायला लागले, रस्त्यावरचा साधा लुटारू सुद्धा काही दिवसांनी काचेचं महागडं चिलखत घालून उभा, आणि त्याला मारत बसायचं, मारत बसायचं. २०११ च्या स्कायरिममध्ये हे बरंच सुधारलं, ढालीनं ढकलता येतं, कधीकधी शेवटचा घाव कॅमेरा फिरवून दाखवतात, पण मधले जे पंधरा-वीस घाव असतात त्यात समोरचा माणूस काहीच बोलत नाही रे. म्हणजे तोंडानं नाही, अंगानं. तू मारतोयस, तो पण त्याचं फिरवतोय, दोघं आपापलं काम केल्यासारखं करतायत आणि जीव किती उरला ते दाखवणारी वरची लाल रेघ कमी होतेय. तुला उशी वाटली ती हीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की घाव हा सवाल आहे आणि समोरच्यानं अंगानं जबाब दिला पाहिजे. आपल्याकडं जत्रेतल्या मैदानात कुस्ती बघितली असशील. खडाखडी चालू असते तोवर लोक शेंगा खात बसलेले असतात, आणि एकानं पट काढला की सगळं मैदान एकदम उठतं, कारण समोरच्याचा पाय उचलला गेलेला दिसतो, त्याचा तोल गेलेला दिसतो, आणि तो आता उतारा काय काढतो हे बघायचं असतं. तिथं कुणी डोक्यावर पट्टी लावून दाखवत नाही की याचा दम चाळीस टक्के राहिलाय. खांद्यावरनं दिसतं, श्वासावरनं दिसतं.

मी कॉलेजला होतो तेव्हा बेळगावात टिळकवाडीत एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायचो, तिथं २००६ चा डार्क मेसाया ऑफ माइट अँड मॅजिक कुणीतरी टाकून ठेवला होता. आर्केन स्टुडिओचा गेम. त्यात लाथ आहे. साधी लाथ, पण शत्रू जिन्याच्या टोकाला उभा असला की खाली जातो, मागं भिंतीला खिळे असले की त्यात अडकतो, शेकोटीजवळ असला की त्यात पडतो. माझ्यामागं चार-पाच पोरं उभी असायची, निम्मी मराठी निम्मी कन्नड, आणि कुणी शत्रू कडेला आला की सगळी एकसाथ ओरडायची, होडी! होडी! (बाहेरच्या वाचकांसाठी, कन्नडमध्ये होडी म्हणजे हाण.) त्या गेमची कथा आज मला धड आठवत नाही पण लाथ बसल्यावर तो राक्षस हात हलवत मागं जायचा ते अजून डोळ्यासमोर आहे. तलवार तीच, आकडे तेच, फक्त जागेला आणि शरीराला अर्थ दिला होता.

आणि आता तू विचारशील की मग पात्राचं कौशल्य कुठं गेलं, सगळं खेळणाऱ्याच्या बोटावरच का? त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर माझ्या मते २००१ मध्येच मिळालं होतं, जर्मनीच्या पिरान्हा बाइट्सच्या गॉथिकमध्ये. तिथं आपला नायक सुरुवातीला एका हाताची तलवार दोन्ही हातांनी धरतो. अडाणी माणसानं कुऱ्हाड धरावी तशी. घाव घालायचा, मग सावरायला वेळ, तोवर लांडगा येऊन चावणार. मग शिकवणारा गाठायचा, त्याला पॉइंट द्यायचे, आणि त्यानंतर नायक ती तलवार एका हातात धरतो, उभं राहायची ढब बदलते, एकाला जोडून दुसरा घाव येतो. आकडा वाढला हे अंगावर दिसतं. आमच्या तालमीत वस्ताद नवीन पोरगा आणि दोन वर्षं झालेला पोरगा यांच्यातला फरक लाठी उचलायच्या आधीच सांगायचे, नुसतं उभं राहण्यावरनं. गॉथिक खेळताना मला तेच आठवलं. वीसच्या वर वर्षं झाली, पण पात्राची वाढ अशी हातापायातनं दाखवणारे गेम आजही मोजकेच आहेत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक, धोका. २०११ च्या डार्क सोल्समध्ये एकदा घाव सुरू केला की परत घेता येत नाही, बटण दाबलं म्हणजे शब्द दिला. अरुंद बोळात मोठी तलवार आडवी फिरवलीस की भिंतीला आपटून परत येते आणि तू उघडा पडतोस, तिथं भाला काढायचा, तो सरळ जातो, ढालीमागनं पण टोचता येतो. म्हणजे हत्यार निवडणं हा दुकानातला आकडा बघून करायचा सौदा राहत नाही, जागा बघून करायचा विचार होतो. हे असलं की एक घाव लागला तरी पोट भरतं.

शहापूरहून एक मुलगी, एल्डन रिंग या गेममध्ये पहिल्याच मोठ्या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूपाशी, अडकलेली : मार्गिट. तीन दिवस. काठी उचलतो तेव्हा मी बरोबर रोल (कोलांटी) मारते तरी लागतेच. भाऊ म्हणतो तुला जमणार नाही, मोठी तलवार घे आणि नुसती हाण. मला पॅरी (येणारा घाव ऐन क्षणी झटकून टाकणं) जमत नाही, मी काय करू?

भावाला म्हणावं तू गप.

बघ, तू बरोबर रोल मारत नाहीस, लवकर मारतेस, आणि तुला लवकर मारायला लावणं हेच त्या बॉसचं काम आहे. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, कुणालाही, म्हणून बनवणारे शत्रूचा हात आधी वर जाताना दाखवतात, ती सूचना. बहुतेक गेममध्ये हात वर गेला की थोड्या वेळानं खाली येणार हे ठरलेलं. मार्गिट हात वर नेतो आणि तिथं थांबतो. तू हात वर गेलेला बघून पळतेस, तुझा रोल संपतो, आणि तू उठून उभी राहतेस तेव्हा काठी येते. आमचे वस्ताद फरीगदका शिकवताना सांगायचे, गदका बघू नको, छाती बघ, गदका खोटं बोलतो, छाती बोलत नाही. मी हा बॉस तसाच जिंकला. त्याचा खांदा आणि कंबर पुढं वळली की रोल, तोवर बोट बटणावर नुसतं ठेवायचं. एक पूर्ण डाव असा खेळ की घाव घालायचाच नाही, फक्त चुकवत राहायचं, मरेपर्यंत. दहा मिनिटात चाल समजते.

दुसरं म्हणजे वजन तपास. अंगावरचा सगळा भार मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या वर गेला की रोल जड होतो, धप्पकन पडल्यागत, ३० च्या खाली असेल तर हलका आणि लांब. पुष्कळ जण सुरुवातीलाच जाड चिलखत चढवतात आणि मग म्हणतात रोल लागत नाही. पॅरी नाही जमली तरी काही बिघडत नाही, ढाल धर, घाव ढालीवर घे आणि लगेच जोराचा घाव घाल, त्याला गार्ड काउंटर म्हणतात, आणि मधेमधे उडी मारून जोराचा घाव. असे घाव बसत गेले की समोरच्याचा तोल आतल्या आत मोजला जातो आणि एका क्षणी तो गुडघ्यावर येतो, तेव्हा जो आवाज येतो ना, तो ऐकशील तेव्हा मला मेसेज कर. पट्टी कुठं दिसत नाही याची, आणि नाही दिसत तेच बरं. मोठी तलवार घेतलीस तरी चालेल, भाऊ तेवढं बरोबर बोलला, जड हत्यारानं तोल लवकर मोडतो, पण नुसती हाणून नाही होणार.

निपाणीहून एक आई : मुलगा दहावीला आहे. रात्री ते तलवारीचं चालतं, मेला की टेबलावर हात आपटतो. जेवायला ये म्हटलं की म्हणतो मध्येच थांबवता येत नाही. खरं आहे का? आणि यानं पोरगा मारकुटा होईल का हो?

ताई, थांबवता येत नाही हे निम्मं खरं आहे. डार्क सोल्स, एल्डन रिंग असल्या गेममध्ये पॉज नाहीच, मेनू उघडला तरी शत्रू मारत राहतो. पण बंद करता येतं. एकटा खेळत असेल तर मेनूतून बाहेर पडलं की तो होता तिथंच सगळं जपून राहतं, परत लावलं की तिथूनच, फक्त बॉसशी लढत असेल तर ती लढाई पहिल्यापासून. तेव्हा हाक मारल्यावर त्याला दोन-तीन मिनिटं द्या, एका सुरक्षित जागी येऊ द्या, आणि त्यानंतर उठलाच पाहिजे. तुम्हाला हे माहीत आहे एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ फरक पडेल.

मारकुटा होईल का यावर मी डॉक्टर नाही, मोठं बोलणार नाही. मी जे पाहिलंय ते सांगतो. जी पोरं हे गेम नीट खेळतात ती मेल्यावर सांगू शकतात की का मेलो. आपण एकदा शेजारी बसा आणि विचारा, बाळा, आता काय चुकलं. तो जर म्हणाला की मी हावरेपणा केला, दोन घाव घालायचे होते तिथं तिसरा घालायला गेलो, तर समजा की पोरगा शिकतोय. आणि जर नुसताच चिडतोय, सांगता येत नाही, तर त्या दिवशी बंद करायला लावा, कारण तसं खेळून त्यालाही मजा येत नसते. दहावीची परीक्षा होईपर्यंत शनिवार-रविवार ठरवून द्या. चोरून खेळण्यापेक्षा ते बरं.

येळ्ळूरहून एक निवृत्त फौजी : नातू खेळतो ते शेजारी बसून बघतो. बैलगाडीच्या जुवाएवढी तलवार घेऊन उड्या मारतात, तीस-तीस वार झाले तरी माणूस उभा. आम्ही संगीन चालवायला शिकलो, आम्हाला माहीत आहे एक नीट बसला की विषय संपतो. यात खरं काही असतं का?

काका, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

खऱ्या एका हाताच्या तलवारीचं वजन साधारण एक ते दीड किलो, त्यापेक्षा फार जड असती तर दिवसभर चालवताच आली नसती, तेव्हा ते जुवाएवढं प्रकरण निव्वळ कल्पना आहे. नातवाला सांगून २०१८ चा किंगडम कम डिलिव्हरन्स लावायला सांगा, चेक देशातल्या लोकांनी केलाय, १४०३ सालच्या बोहेमियातला, जादू नाही, राक्षस नाहीत. नायक लोहाराचा मुलगा, त्याला सुरुवातीला तलवार चालवता येत नाही, आणि दोन माणसं एकदम अंगावर आली की पळावं लागतं. पोलादी चिलखतावर तलवार घासून काही होत नाही, तिथं गदा लागते, हे सुद्धा त्यात आहे. तुम्हाला तो आवडेल असं वाटतं. तुर्कस्तानातल्या एका जोडप्यानं सुरू केलेल्या स्टुडिओचा माउंट अँड ब्लेड पण बघा, २००८ चा, चार दिशांनी वार आणि त्याच चार दिशांनी अडवायचं, आणि घोडा वेगात असला तर तो वेग घावात मिसळतो, भाला काखेत धरून गेलात तर एका धडकेत समोरचा खाली.

पण मोठ्या तलवारीची बाजू पण मी घेणार, रागावू नका. कल्पनेतलं हत्यार असायला हरकत नाही, त्यानं स्वतःच्या वजनाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे एवढंच. जुवाएवढी तलवार असेल तर ती उचलताना माणूस वाकला पाहिजे, फिरवल्यावर तिच्या ओढीनं दोन पावलं पुढं गेला पाहिजे, आणि जमिनीवर आपटली तर दगड उडाले पाहिजेत. तसं असलं की डोळा मानतो. चाकूसारखी चपचप फिरवली की नाही मानत. तीस वारांबद्दल मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूचा, माणसाला तीस वार लागतात तो गेम वार स्वस्त करून टाकतो. राक्षसाची गोष्ट वेगळी. २०१२ च्या ड्रॅगन्स डॉग्मात एकडोळ्या राक्षसाच्या अंगावर चढून त्याच्या डोळ्यात भोसकता येतं, तोवर आपली दमाची पट्टी कमी होत असते आणि हात सुटायच्या आत काम करायचं असतं, तिथं लढाई लांबली तरी कंटाळा येत नाही कारण दर मिनिटाला काहीतरी नवीन घडतंय.

आपल्या बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरतो तो तुम्ही पण बघत असाल. मनगट खोबणीत अडकलेलं, वळायला जागाच नाही, म्हणून सगळा वळसा खांद्यातनं आणि कमरेतनं येतो, माणूसच फिरतो आणि पातं त्याच्याभोवती लवतं. ती चाल कुणीतरी गेममध्ये नीट उतरवावी हे माझं फार दिवसांचं स्वप्न आहे. आपल्याकडं होत नाही असं नाही, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी काढला, त्यातली मुलगी सर्कशीतली, त्रिशूळ घेऊन खांबाला गिरकी मारून लढते, भिंतीवरनं पळत जाऊन वार करते. तिच्या चालीत सर्कस दिसते. तसाच कुणाच्या तरी चालीत आपला आखाडा दिसावा.

चिकोडीहून : ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काय खेळू?

गॉथिक पहिला आणि दुसरा, माउंट अँड ब्लेडचा २०१० चा वॉरबँड, आणि २००१ चा स्पेनमधला सेव्हरन्स ब्लेड ऑफ डार्कनेस. हा शेवटचा फार कुणी ऐकलेला नाही, पण दमाची पट्टी, प्रत्येक हत्याराचे वेगळे डाव, तुटणारे हातपाय, हे सगळं त्यात तेव्हाच होतं. डार्क मेसाया पण चालेल, ग्राफिक्स कमी ठेवून. जुने गेम विकत घेताना सेलची वाट बघ, फार स्वस्तात मिळतात.

बेळगावहून इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, स्वतःचा गेम बनवणारा : गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा तलवारीचा गेम करायलोय. सगळं चालतं पण मजा येईना. तलवार जोरात फिरवली की कधीकधी शत्रूतनं निघून जाते, लागतच नाही. आणि लागली तरी पुठ्ठ्याची वाटते. मित्र म्हणतात रक्त जास्त दाखव. अण्णा, काय करू?

रक्त नको. रक्तानं काही होत नाही.

आधी निघून जाते त्याचं. तुझा गेम सेकंदाला ६० चित्रं काढत असेल. समज तलवार ०.२ सेकंदात दीडशे अंश फिरते, म्हणजे १२ चित्रात, एका चित्राला साडेबारा अंश. खांद्यापासून टोक दीड मीटरवर असेल तर दोन चित्रांच्या मध्ये टोक जवळजवळ एक फूट उडी मारतं. त्या एक फुटात शत्रूचा हात असला तर गेमच्या दृष्टीनं पातं तिथं कधी आलंच नाही. म्हणून पातं आत्ता कुठं आहे एवढंच बघू नको, मागच्या चित्रात मूठ आणि टोक कुठं होतं ते लक्षात ठेव, पात्यावर चार-पाच ठिपके धर आणि प्रत्येक ठिपक्याच्या जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ टाकून तपास. एका घावात एकाच शत्रूला एकदाच लागेल याची नोंद पण ठेव, नाहीतर एकाच फटक्यात सहा वेळा लागेल.

आता पुठ्ठा. ऊस तोडताना बघितलायस का? जवळनं? कोयता येतो तेव्हा जोरात येतो पण उसात शिरताना हात क्षणभर अडतो, अगदी क्षणभर, आणि मग सुटतो. त्या अडण्यातनंच तोडणाऱ्याला कळतं की नीट बसला. धार गेलेला कोयता असेल तर तो अडत नाही, उडतो, आणि मनगटाला झिणझिण्या येतात. तुझ्या गेममध्ये ते अडणं नाही. त्याला हिट स्टॉप म्हणतात, घाव लागला की मारणारा आणि खाणारा दोघांची हालचाल तीन ते पाच चित्रं गोठवायची, म्हणजे ०.०५ ते ०.०८ सेकंद. जपानी मारामारीच्या गेममध्ये ही युक्ती फार जुनी. सगळं जग गोठवू नको, पाऊस पडत राहू दे, फक्त ते दोघं, आणि त्या वेळात खाणाऱ्याला थोडं थरथरव. जड हत्याराला जास्त चित्रं, सुरीला एखादं किंवा शून्य. ढालीवर लागलं तर गोठवण्याऐवजी पातं मागं फेक, बोथट कोयत्यासारखं. एवढं एक कर आणि मग मला सांग पुठ्ठा राहिला का.

मग प्रत्येक घावाचे तीन भाग कर, उचल (घावाआधी हत्यार मागं-वर नेणं), घाव आणि सावरणं. पुष्कळ नवीन मुलं वजन दाखवायला आपल्या नायकाची उचल लांबवतात आणि मग खेळणाऱ्याला वाटतं बटण उशिरा लागतंय. नायकाची उचल छोटी ठेव, वजन सावरण्यात टाक, पाय घसरू दे, खांदा ओढला जाऊ दे. शत्रूचं उलटं, त्याची उचल मोठी आणि स्पष्ट, कारण खेळणाऱ्याला ती वाचायचीय. आणि सावरणं संपायच्या थोडं आधी कुणी पुढचं बटण दाबलं तर ते टाकून देऊ नको, लक्षात ठेव आणि वेळ आली की घाव काढ, नाहीतर लोक म्हणतील गेम ऐकत नाही.

शत्रूला निदान चार जबाब दे. डावीकडनं लागलं तर उजवीकडं झुकला पाहिजे, पायाला लागलं तर गुडघा, डोक्याला लागलं तर मान, आणि जोराचं लागलं तर दोन पावलं मागं. एकच मागं सरकायचं ॲनिमेशन सगळ्याला वापरलंस तर लोकांना तिसऱ्या घावाला कळतं. हे झालं की एक परीक्षा घे, हेल्थ बार, म्हणजे जीव दाखवणारी पट्टी, बंद करून मित्राला खेळायला दे आणि मध्येच थांबवून विचार, कोण जास्त जखमी आहे, तू की तो? त्याला स्क्रीन बघून सांगता आलं तर तुझं अर्धं काम झालं. नाही सांगता आलं तर नवीन हत्यारं, नवीन राक्षस काही करू नको, इथंच थांब आणि हेच सुधार. कॅमेरा हलवणं, ठिणग्या वगैरे शेवटी, आणि थोडंच, भाजीत मिठासारखं.

आवाजाचं मात्र सगळ्यात आधी कर, ॲनिमेशन पूर्ण व्हायच्या आधी. एकच आवाज वापरू नको, तीन वेगळे घे, हवेतला सुर्र, लागल्याचा, आणि लागून झाल्यावर उरतो तो. सिनेमात हाड मोडल्याचा आवाज सेलरी नावाच्या भाजीच्या दांड्या मोडून काढतात हे तू ऐकलं असशील. आपल्याकडं ऊस आहे, सेलरी कशाला शोधायची? हिरव्या उसात कोयता बसतो तो खच्च, वाळलेला पाला लागतो तो वेगळा, कांडं हातानं मोडतो तो वेगळा, आणि मोळी जमिनीवर पडते तेव्हा अंग पडल्यासारखा जो धप्प येतो तो तुला कुठल्या फुकट साइटवर मिळणार नाही. प्रत्येकाचे पाच-सहा नमुने घे म्हणजे गेममध्ये तोच तोच वाजणार नाही.

आमच्या शेतात तोड सुरू झालीय, अजून आठ-दहा दिवस चालेल. रविवारी ये, मोबाईल पुरे, माइक असला तर बरंच. फक्त सकाळी सातच्या आत पोच, नंतर ट्रॅक्टर येतो आणि मग कोयत्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही.